दोन नकार आणि एक बंद खोली

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाची सहल डर्बीशायरमध्ये, बेकवेलजवळच्या हॅडन हॉलला गेली होती हे बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्यांना वाडा आठवत नसेल त्यांना निदान परतताना कमी पडलेला चिवडा तरी आठवेल. त्या दगडी चौकात आम्ही उभे असताना कुणीतरी माहिती पुरवली, की 'जेन एअर'चं शूटिंग इथेच झालं. लगेच दुसऱ्या बाजूने प्रश्न आला, "कुठल्या जेन एअरचं?" प्रश्न बरोबर होता. फ्रँको झेफिरेल्लीचा १९९६ चा चित्रपट, बीबीसीची २००६ ची मालिका आणि कॅरी फुकुनागाचा २०११ चा चित्रपट, या तिघांसाठीही याच वाड्याने थॉर्नफील्डचं सोंग घेतलं आहे. एकच वाडा तीन वेळा उभा राहिला आणि तिन्ही वेळा आत राहणारी माणसं वेगळी निघाली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये जो वाद पेटला तो मँचेस्टर येईपर्यंत विझला नाही. माझ्या वयाच्या बायकांचं एकमत होतं, की टिमथी डाल्टनसारखा रॉचेस्टर पुन्हा झाला नाही. मुलींच्या पिढीला मायकेल फासबेंडर हवा होता. मागच्या सीटवरून एक काका अधूनमधून गरजत होते, "अहो, ऑर्सन वेल्सचा आवाज ऐकलाय का तुम्ही?" मी ऐकत होते. तासाभराने माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण फक्त रॉचेस्टर कोण चांगला यावर भांडतो आहोत. जेन कोण चांगली हे कुणी विचारलंच नाही. पुस्तकाचं नाव तर तिच्यावरून आहे. मी तसं म्हटल्यावर संपादक म्हणाले, "ताई, हे लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. शार्लट ब्राँटीने 'जेन एअर' १८४७ मध्ये 'करर बेल' या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने प्रसिद्ध केली. जेन ही पोरकी मुलगी. मामीच्या घरी छळ, मग लोवुड नावाच्या धर्मादाय शाळेत उपासमार, मग वर्षाला तीस पौंडांवर थॉर्नफील्ड या वाड्यात लहान मुलीची शिक्षिका. वाड्याचा मालक एडवर्ड रॉचेस्टर वयाने तिच्या जवळजवळ दुप्पट, दिसायला बेताचा, बोलायला तिखट. दोघांचं प्रेम जमतं. ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये उघड होतं, की त्याची पहिली बायको जिवंत आहे. ती जमेकाहून आणलेली बर्था मेसन. तिला वेडी ठरवून त्याच वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलेलं आहे. रॉचेस्टर जेनला विनवतो, की आपण फ्रान्सच्या दक्षिणेला जाऊन राहू. जेन नाही म्हणते आणि पहाटे निघून जाते. माळरानावर उपाशी भटकते. एका पाद्र्याच्या घरी तिला आसरा मिळतो. त्या पाद्र्याचं नाव सेंट जॉन रिव्हर्स. तो पुढे तिचा आतेभाऊ निघतो आणि तिला लग्नाची मागणी घालतो. तिथेही ती नाही म्हणते. मग रॉचेस्टरकडे परतते, तेव्हा वाडा जळून गेलेला असतो, बर्था मेलेली असते आणि रॉचेस्टर आंधळा झालेला असतो.

माझ्या मते ही कादंबरी म्हणजे दोन नकारांची गोष्ट आहे. पहिला नकार आहे प्रेम असलेल्या पण लग्न नसलेल्या संसाराला. दुसरा आहे लग्न असलेल्या पण प्रेम नसलेल्या संसाराला. हे दोन नकार तराजूच्या दोन पारड्यांसारखे आहेत. एक काढून घेतला की दुसरा कलंडतो. फक्त पहिला ठेवला तर जेन एक सोवळी, नीतीला घाबरणारी मुलगी वाटते. दुसरा नकार आला की कळतं, तिला नीतीची भीती नव्हती, कारण सेंट जॉन तर साक्षात नीतीच घेऊन आला होता. तिला स्वतःचं मोल ठाऊक होतं, एवढंच. तेव्हा पडद्यावरचं कुठलंही 'जेन एअर' बघताना मी एक साधी कसोटी लावते. हे दोन नकार तिथे आहेत का, आणि त्यांची किंमत जेनने मोजलेली दिसते का?

आमच्या बसमधल्या एका मुलीने विचारलं होतं, "पण मग तो डिव्होर्स का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे आणि चित्रपट त्याचं उत्तर देण्यात फारसा वेळ घालवत नाहीत. ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटमध्ये खास कायदा करून घ्यावा लागे. कोर्टातून घटस्फोट मिळायला १८५७ साल उजाडलं, आणि जोडीदाराचं वेड हे कारण कायद्याने मान्य व्हायला १९३७. म्हणजे रॉचेस्टरची कोंडी खरी होती. तिच्यावर त्याने शोधलेला उपाय मात्र लबाडीचा होता. हे दोन्ही एकदम दाखवणं ही रूपांतर करणाऱ्याची पहिली परीक्षा.

आता काकांचा ऑर्सन वेल्स. रॉबर्ट स्टीव्हन्सनने दिग्दर्शित केलेल्या १९४३ च्या या हॉलिवूडपटाच्या पटकथाकारांत ऑल्डस हक्सलीसारखा लेखक होता. संगीत बर्नार्ड हरमनचं. चिमुकली एलिझाबेथ टेलर यात हेलन बर्न्स होऊन येते आणि डोळ्यांत पाणी आणते. काळ्यापांढऱ्या छायांचा खेळ असा, की अजूनही अंगावर काटा येतो. पण सुरुवातीलाच गंमत आहे. पडद्यावर पुस्तक उघडतं, छापील मजकूर दिसतो, आणि तो मजकूर शार्लट ब्राँटीचा नाहीच! पटकथाकारांनी स्वतः लिहून तिच्या नावावर खपवलेला आहे. पुढे काय होणार याची ती नांदीच म्हणायची. जोन फाँटेनची जेन गोड आहे, नम्र आहे आणि वेल्स खोलीत आला की भिंतीला लागून उभी राहते. रिव्हर्स नावाचा माणूस आहे, पण तो लोवुड शाळेचा कनवाळू डॉक्टर झाला आहे. थॉर्नफील्ड सोडल्यावर ही जेन माळावर उपाशी राहत नाही, मामीच्या घरी परत जाते. दुसरा नकार मुळातूनच गेला. त्यामुळे पहिला नकारही नुसता गाडीत बसून निघून जाण्यापुरता उरला. काका, आवाज खरंच ऐकण्यासारखा आहे. पण तो आवाज जेनला बोलूच देत नाही.

या चित्रपटानंतर नऊ वर्षांनी, १९५२ मध्ये, आपल्याकडे 'संगदिल' आला. आर. सी. तलवार यांचं दिग्दर्शन, दिलीपकुमार आणि मधुबाला, सज्जाद हुसेन यांचं संगीत. तलतचं त्यातलं गाणं आजही मंडळाच्या कोजागिरीला कुणीतरी म्हणतंच. पण हा 'जेन एअर'चा अवतार आहे हे गाणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. त्यात नायक-नायिका लहानपणीच एकत्र वाढलेली आहेत. वाचताना हा बदल किरकोळ वाटेल, पण त्याने गोष्टीचा कणाच बदलतो. कादंबरीतला ताण मालक आणि पगारी नोकर यांच्यातला आहे. ज्याच्या घरची तनखा आपण खातो त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून 'मी तुमच्या बरोबरीची आहे' म्हणायचं, हे धाडस आहे. बालपणीचं प्रेम म्हटलं की ते धाडस उरत नाही, नशिबाचा खेळ उरतो. शिवाय त्या काळचा आपला कायदाही लक्षात घ्यायला हवा. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये बंदी आली होती, पण देशभर ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. बायको असताना दुसरी करणं हे ज्या प्रेक्षकांच्या ओळखीपाळखीत घडत होतं, त्यांच्यापुढे जेनचा पहिला नकार उभा करणं सोपं नव्हतंच, असं मला वाटतं.

डाल्टनची मालिका बीबीसीने १९८३ मध्ये अकरा भागांत दाखवली. तेव्हा आम्ही नव्याने घर घेतलं होतं आणि टीव्ही भाड्याचा होता. मालिकेच्या वेळी मी फोन उचलत नसे. आज पाहिलं तर सेट पुठ्ठ्याचे वाटतात आणि प्रकाश स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसारखा. डाल्टनबद्दल तर एक विनोदच आहे. मी देखणा आहे का, असं रॉचेस्टर विचारतो आणि जेन सरळ नाही म्हणते, हा कादंबरीतला प्रसिद्ध प्रसंग. डाल्टनच्या तोंडून तो प्रश्न आल्यावर झीला क्लार्कच्या जेनने 'नाही' म्हटलं, तेव्हा आमच्या सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नसूनही त्या म्हणाल्या, "हिचे डोळे तपासायला हवेत." पण अकरा भागांचा फायदा असा, की कादंबरीला श्वास घ्यायला जागा मिळाली. रॉचेस्टर जिप्सी बाईचा वेष घेऊन जेनचं मन काढून घेऊ पाहतो, तो अवघड प्रसंगही इथे गाळलेला नाही. आणि सेंट जॉन आहे, पुरता आहे, थंडगार आहे. त्याला नाही म्हणताना जेनचा कस लागतो हे दिसतं. बुटकी, साधी, ठाम अशी झीला क्लार्क डाल्टनसमोर कधीच लहान होत नाही. डाल्टनमुळे तिच्याकडे आपलं लक्ष गेलं नाही, हा दोष आपला.

झेफिरेल्लीच्या १९९६ च्या चित्रपटात शार्लट गेन्सबर्गची जेन दिसते मात्र अगदी कादंबरीतली. चेहऱ्यावर फार काही न दाखवणारी, पण आत काहीतरी सतत चाललेलं. विल्यम हर्टचा रॉचेस्टर थकलेला, मवाळ. पण कथेला एवढी घाई, की जेन वाडा सोडून निघते त्याच वेळी वाडा पेटतो. बर्था मरते, रॉचेस्टर आंधळा होतो, आणि इकडे जेनची गाडी अजून रस्त्यावर! मग तिच्या नकाराला अर्थ काय राहिला? कादंबरीत ती निघते तेव्हा पाकिटात वीस शिलिंग असतात, ते गाडीभाड्यात संपतात. कपड्यांचं गाठोडं गाडीतच विसरतं. दोन रात्री ती उघड्यावर काढते आणि डुकरापुढे टाकायला काढलेली लापशी मागून खाते. 'नाही' हा शब्द एवढा महाग असतो. झेफिरेल्लीने तो फुकटात दिला.

बीबीसीच्या २००६ च्या मालिकेत रूथ विल्सन आहे, आणि मला विचाराल तर चेहऱ्याने सर्वांत जास्त बोलणारी जेन हीच. टोबी स्टीव्हन्सबरोबर तिचं जमतंही छान. मात्र निरोपाची रात्र इथे आठवणींच्या तुकड्यांतून येते आणि त्या आठवणीत दोघं बिछान्यावर आहेत, चुंबनं आहेत. माझ्या पिढीला हे खटकेल, पण माझा आक्षेप सोवळेपणाचा नाही. उलट, जाणं किती कठीण होतं हे त्यातून शरीराच्या पातळीवर कळतं. अडचण अशी, की नकाराचा क्षणच विखुरला जातो. जेन काय बोलली यापेक्षा तिला काय वाटलं तेच उरतं. आणि जेनचं सगळं बळ तर बोलण्यात आहे.

याउलट फुकुनागाच्या २०११ च्या चित्रपटाने, मॉइरा बफिनीच्या पटकथेने, एक साधी गोष्ट केली. सुरुवातच जेन वाड्यातून पळून जाते तिथून केली. मिया वासिकोव्स्का दाराबाहेर पडते, माळावर चौकात उभी राहून चार दिशा बघते आणि रडू लागते. आपल्याला अजून काहीच माहीत नाही. का पळाली, कुणापासून, काही नाही. फक्त जाण्याची किंमत समोर आहे. पुढची सगळी प्रेमकहाणी आपण ती किंमत मनात धरून बघतो. शिवाय वासिकोव्स्का तेव्हा विशीच्या आसपास होती, त्यामुळे कादंबरीतली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदाच खरी मुलगी वाटली. पहिल्या नकाराचा हा सर्वांत चांगला चित्रपट, यात मला शंका नाही. दुसरा नकारही आहे, जेमी बेलचा सेंट जॉन उत्तम आहे. पण जेन आणि तो आतेमामे भावंडं आहेत हे काढून टाकल्यामुळे 'मी बहीण म्हणून येते' या तिच्या म्हणण्याचा पाया थोडा डळमळतो.

आणि आता त्या दुसऱ्या नकाराविषयी, कारण तो आपल्याशी थेट संबंधित आहे. सेंट जॉनला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात जायचं असतं. जेन आवडीने जर्मन शिकत असते. तो तिला ते सोडून 'हिंदुस्तानी' शिकायला लावतो आणि ती शिकतेही! पुण्यात बी.ए.ला असताना मी हे पान वाचलं तेव्हा वर्गात मोठ्याने हसले होते. इकडे आम्ही जीव तोडून इंग्रजी शिकतो आहोत आणि तिकडे माळावरच्या एका झोपडीवजा घरात जेनबाई आमची भाषा घोकताहेत! पुढे इकडे राहायला आल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. तिथला हिंदुस्थान म्हणजे अंधार, उष्मा आणि मरण. आपल्या माणसांचा एक चेहराही त्यात नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच पहिल्यांदा दिसली. जेनने हिंदुस्थानला नकार दिला नव्हता. ती यायला तयार होती, बहीण म्हणून, सहकारी म्हणून. लग्न करूनच आलं पाहिजे ही अट तिने नाकारली. स्वतः शार्लटनेही १८३९ मध्ये आपल्या मैत्रिणीच्या पाद्री भावाची, हेन्री नसीची, मागणी नाकारली होती. कादंबरीचा अगदी शेवटही सेंट जॉनवर आहे, हिंदुस्थानात मृत्यूची वाट बघणाऱ्या सेंट जॉनवर. मी लिहिलेल्या या सगळ्या चित्रपटांत शेवटचा क्षण मात्र जेन-रॉचेस्टरचा किंवा त्यांच्या संसाराचा. प्रेक्षकांना हवं ते दिलं, यात वाईट काही नाही. पण ज्या माणसाला नाही म्हटलं त्याच्यावर पुस्तक संपवणाऱ्या लेखिकेला काय म्हणायचं होतं, तेवढं हरवलं.

आतापर्यंत नकार देऊ शकणाऱ्या बाईविषयी बोलले. जिला नकाराची संधीच मिळाली नाही तिचं काय?

बर्थाविषयी आपल्याला जे काही माहीत आहे ते जवळजवळ सगळं रॉचेस्टरच्या तोंडून. बापाला इस्टेट वाटायची नव्हती म्हणून धाकट्या मुलाला तीस हजार पौंडांच्या हुंड्यासाठी जमेकाला धाडलं, लग्न लावलं, हे तोच सांगतो. ती वेडी, ती व्यसनी, तिची आई वेडी, हेही तोच सांगतो. १९४३ च्या चित्रपटात तिचा चेहराही धड दिसत नाही, ती किंकाळी आणि सावली. २००६ च्या मालिकेत ती तरुण आणि सुंदर दिसते. ही मोठी सुधारणा, पण स्वतःची बाजू तीही मांडत नाही. मूळ कादंबरीत मात्र एक धागा आहे. जेन तिसऱ्या मजल्याच्या बोळात येरझाऱ्या घालत बायकांना कोंडून ठेवणाऱ्या आयुष्याचा विचार करते आणि त्याच बोळात तिला ते हसू ऐकू येतं. व्हर्जिनिया वुल्फला १९२९ मध्ये हा सांधा खटकला होता. मला तो फार बोलका वाटतो. दहा वर्षांची जेनही मामीच्या घरी लाल खोलीत कोंडली गेली होती. कोंडलेली मुलगी आणि कोंडलेली बायको यांच्यात एका भिंतीचं अंतर आहे. डोमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये 'वाइड सारगॅसो सी' लिहून ती भिंत पाडली आणि बर्थाला तिची गोष्ट दिली. तिच्यावर १९९३ मध्ये चित्रपट निघाला आणि २००६ मध्ये बीबीसीने टीव्हीसाठीही ती केली. पण 'जेन एअर'च्या पडद्यावरच्या थॉर्नफील्डमध्ये ती खोली अजून बंदच आहे.

हे मला इतकं का लागतं ते सांगितलं पाहिजे. सत्तरच्या दशकात, मी इथे नवी असताना, आमच्या ओळखीत एक मुलगी लग्न होऊन आली होती. माझ्यासारखीच, दहा मिनिटांच्या बघण्यावर. तिच्या वडिलांनी बरंच दिलं होतं असं ऐकलं. गणपतीला एकदा दिसली, हिरवी नऊवारी होती अंगावर. मग दिसेनाशी झाली. विचारलं तर घरचे म्हणायचे, "तिचं डोकं ठिकाणावर नसतं, माणसांत आणत नाही." आम्ही चुकचुकलो. कुणी तिच्या दारावर थाप मारली नाही, मीही नाही. दोनेक वर्षांनी तिला परत पाठवल्याचं कळलं. तिला खरोखर काही आजार होता की नाही, मला माहीत नाही. तिला मी विचारलंच नाही, एवढंच माहीत आहे. तिच्याविषयी जे ऐकलं ते सगळं एकाच बाजूने ऐकलं. त्या वर्षांत मी 'जेन एअर' दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मी स्वतःला जेन समजले होते.

तेव्हा नंबर लावा म्हणाल तर लावते. पहिल्या नकारासाठी २०११ चा चित्रपट बघा. दुसऱ्यासाठी १९८३ ची मालिका, पुठ्ठ्याच्या भिंतींकडे काणाडोळा करून. जेनच्या चेहऱ्यासाठी रूथ विल्सन, आणि काकांच्या समाधानासाठी ऑर्सन वेल्सचा आवाज. बंद खोलीसाठी मात्र पुस्तकच वाचावं लागेल, आणि त्यानंतर ऱ्हीसचं. माझ्या नातीलाही मी याच क्रमाने दिलं. २०११ चा चित्रपट संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "आजी, त्या वरच्या बाईचं नाव काय होतं?" रॉचेस्टर देखणा आहे की नाही हे तिने विचारलं नाही. मला बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात हॉवर्थला, ब्राँटी भगिनींच्या घरी जायचा बेत घाटतो आहे. वाद पुन्हा होणारच. या वेळी बसमध्ये सुरुवात जेनपासून करू या, आणि चिवडा थोडा जास्त घेऊ या. चूकभूल द्यावी घ्यावी.